अण्णांच्या मोटारीचं हेड आणि माझी बादली

सगळ्यात आधी विष्णुपुरीच्या वाघमारे मिस्त्रींचं नाव घेतो. ते नसते तर आज मला सासुरवाडीत कुणी ताटावर बसवलं नसतं, आणि बसवलं असतं तरी माझ्या घशाखाली घास उतरला नसता. त्यांच्या घरच्या मामींचंही नाव घेतो, कारण मी त्यांचा अपराधी आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो.

आता काय झालं ते. मी सासऱ्यांच्या मोटारीचं हेड फोडलं.

मी मूळचा किनवटकडचा, जंगलातल्या गावचा. आठवीत असताना वसतिगृहातून सुट्टीला घरी आलो तो परत गेलोच नाही. कुणी काढलं नव्हतं. नववीला बीजगणित आणखी अवघड असतं, एवढंच कळलं होतं. मला काळजीची सवय लहानपणापासून आहे. हल्ली लातूरला एका दाळ मिलमध्ये मशिनींना ग्रीस लावायचं काम करतो. एकदा गॅस बंद केला की नाही या काळजीनं बसस्टँडवरून खोलीवर परत आलो. गॅस बंदच होता. दाराला कुलूप मात्र लावायचं राहिलं होतं.

आईला भेटायचं तर एक बस, एक आगगाडी आणि शेवटी पायवाट. म्हणून माझ्या बायकोचं, शोभाचं, जळकोटजवळचं माहेर हेच हळूहळू माझंही माहेर झालं. तिथली माणसं मला ‘पाव्हणं’ म्हणतात आणि वाटीतलं तूप संपायच्या आत पुन्हा वाढतात. माझ्यासारख्याला एवढं पुष्कळ झालं.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांकडं एक मोटार आहे. दुधी रंगाची, गोल पाठीची, त्यांच्या लग्नाच्या आधीची. तिच्या नाकावरची नावाची अक्षरं कधीच गळून पडली, त्यामुळं ती कोणत्या कंपनीची यावर गावात दोन पक्ष आहेत. ती चालू झाली की आधी खोकते, मग विचार करते, मग निघते. अण्णा तिला शेतावर नेतात, आणि तिथं लिंबाखाली लावून तिच्यातच दुपारची झोप काढतात.

त्या फाल्गुनात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं. पंधरा दिवस ते तिथंच थोरल्या मुलीकडं राहिले. जाण्याआधी शेतातल्या मारुतीला बोलून गेले होते, ‘नजर परत आली तर भावकीला रोडगे घालीन, आन् पहिला रोडगा मी सोता मोटार चालवत तुझ्या दारात आणीन. शनवारी, दिवस मावळायच्या आत.’ अण्णांचा देवाशी व्यवहार असा चोख. वारसुद्धा सांगून ठेवला होता.

त्यांना आणायला मोटार घेऊन मी रविवारी निघालो. कंधारच्या अलीकडं पळस असा फुलला होता की मला आमचं जंगलच आठवायला लागलं. मी बघत बघत चाललो. किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही, पण समोर धूर दिसला तेव्हा वाटलं, कुणी तरी शेताच्या कडेचा धुरा पेटवलाय. धूर आमच्याच बॉनेटमधून येत होता.

मी थांबलो. बॉनेट उघडलं. इंजिन इतकं तापलं होतं की त्याच्याकडं नुसतं बघून डोळ्यांत पाणी येत होतं. आता, शहाण्या माणसानं सावलीला बसून तासभर ते निवू द्यावं. मी शेजारच्या शेतातून माठातल्या पाण्याची घागर आणली, फडक्यानं रेडिएटरचं टोपण उघडलं, घागर दोन्ही हातांनी उचलली, आणि ते गारेगार पाणी सरळ आत ओतलं.

आवाज आला, टुक. एवढ्या मोठ्या मोटारीतून एवढासा आवाज. कुणी सुपारी फोडावी तसा.

मोटार ट्रॅक्टरला बांधून अण्णांच्या शेतात गेली, लिंबाखाली. अण्णा आणि मी बसनं आलो; मोटार बंद पडली, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. काळा चष्मा लावून ते ओसरीवर बसले, तेव्हा शोभानं मला मागून कोपरानं ढोसलं.

“अण्णा, हेड फुटलं,” मी म्हणालो.

“कशानं?”

“पाण्यानं.”

“फाल्गुनात कुठलं पाणी?”

“मी वतलं.”

काळ्या चष्म्यामुळं ते माझ्याकडं बघतायत की मागच्या गोठ्याकडं, ते कळेना. शेवटी म्हणाले, “शनवारी दिवस मावळायच्या आत मी मोटारीनं जाणार. मी बोललोय. आता तुम्ही आन् मारुती, दोघं बघून घ्या.”

ते चिडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी हेड खोलून घेतलं. त्या जुन्या इंजिनाचं हेड म्हणजे नुसतं एक जाड झाकण असतं, बोल्ट सोडले की निघतं. लातूरच्या जुन्या पार्टच्या दुकानदारानं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, “असलं हेड आता फोटोतच मिळंल. नांदेडजवळ विष्णुपुरीला वाघमारे मिस्त्री हायत, त्याहिच्याकडं जावा. ते न्हाई म्हणले तर मग फोटोच काढून ठिवा.”

हेड गोणीत घालून मी नांदेडच्या बसमध्ये बसलो. मांडीवर, लेकराला धरावं तसं. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय?”

“हेड हाय.”

“कुणाचं?”

“सासऱ्याचं.”

त्यानं पुढं काही विचारलं नाही. पण नांदेड येईपर्यंत माझ्या शेजारी कुणी बसलंही नाही.

वाघमारे मिस्त्री कॉलेजच्या वर्कशॉपात पोरांना वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले. बारीक माणूस, पांढरी बंडी, कानाला अडकवलेली पेन्सिल. घरामागं पत्र्याचं शेड. मामींनी मला आधी पाणी दिलं, मग चहा, मग माझा चेहरा बघून पोहे. मिस्त्रींनी हेडवर रॉकेल फासलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड भुरभुरली.

“आता बगत बसा,” म्हणाले.

मी बघत बसलो. आधी काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. मग त्या पांढऱ्यात एक काळी बारीक रेघ उगवायला लागली. एका भोकापासून निघाली, वळली, थोडं थांबली, पुन्हा चालली. शाळेतल्या नकाशात गोदावरी असायची, अगदी तशी. भेगेत शिरलेलं रॉकेल परत वर येत होतं, पण मला मात्र ते लोखंड आपली तक्रार लिहून देतंय असं वाटलं. मी त्या रेघेकडं इतका वेळ बघत राहिलो की मिस्त्रींनी माझ्या डोळ्यांपुढं हात हलवला.

“हे बीड हाय पाव्हणं. ओतीव लोखंड. साध्या लोखंडावानी न्हाई. साधं लोखंड मार खातं, वाकतं, पुन्हा सरळ होतं. बीड रुसतं. एकदम तापवलं तरी फुटतं, एकदम गार केलं तरी फुटतं. ह्याला हळू तापवायचं, लाल झालं की बिडाचीच सळई वितळवून भेग भरायची, आन् मग गरम राखंत पुरून ठिवायचं. दिवसभर. आपल्या मनानं निवू द्यायचं. मधी पाण्याचा थेंब न्हाई, वारा न्हाई, घाई न्हाई.”

“शनवारपस्तोर व्हईल का?” मी विचारलं, आणि अण्णांचं, मारुतीचं, सगळं सांगून टाकलं.

मिस्त्री विचारात पडले. “तापवायला गोवऱ्या लागत्यात, भरपूर. हितं आता आजूबाजूला बिल्डिंगी झाल्या. धूर निघाला की खिडक्या उघडून भांडायला येत्यात. सासऱ्याकडं गोवऱ्या हायत का?”

“रोडग्यासाठी ट्रॅक्टरभर आणून ठेवल्यात.”

“मग मीच येतो. शुक्रवारी.” आणि आत बघून म्हणाले, “शनवारी येताना रोडगे आणतो गं. शेतातले, गोवरीवरचे.”

मामी आतून म्हणाल्या, “आणाल तव्हा खरं. लई वर्सं झाली खाऊन.”

हे वाक्य ध्यानात ठेवा.

शुक्रवारी मिस्त्री हेड आणि गॅसची टाकी घेऊन टेम्पोनं आले. शेतात आंब्याखाली गोवऱ्यांचं आळं रचलं, मधोमध हेड ठेवलं, आणि पेटवलं. सकाळपासून दुपारपर्यंत ते नुसतं तापत होतं. किती तापलं ते बघायला मिस्त्री मधूनच खडूची एक रेघ ओढायचे आणि मान हलवायचे. हळूहळू त्या काळ्या झाकणाच्या अंगात लाली चढली, आधी विटकरी, मग पळसाच्या फुलासारखी. मग मिस्त्रींनी निळी ज्योत धरली, आणि बिडाची सळई मधासारखी त्या भेगेत उतरायला लागली. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. आठवीपर्यंत कुणी मला असलं काही दाखवलं असतं तर मी दहावीसुद्धा झालो असतो. (बीजगणित वगळून.)

आता माझी एक खोड सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं आहे.

आमच्याकडं या दिवसांत मोहाची फुलं वेचतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. एखादी ठिणगी मागं राहिली की अख्खं रान जातं. म्हणून आमच्या गावात लेकराला चालता यायच्या आधी एक गोष्ट शिकवतात. आई सांगायची, “इस्तवाकडं पाठ करू नको रे बाप्पा. पाणी टाक, मंग उठ.” हे माझ्या हातांत इतकं मुरलंय की डोक्याला विचारायला ते थांबतच नाहीत.

त्या शुक्रवारी तीन दगडांच्या चुलीवर चहा झाला. कप खाली ठेवला आणि उठताना मी चुलीवर पाणी ओतलं. सासूबाई म्हणाल्या, “अवं, दूध तापवायचं होतं की.” चुलत मेहुणा बालाजी, तो विडी ओढतो. त्यानं थोटूक टाकलं, मी त्याच्यावर तांब्या उपडा केला. तांब्या अण्णांचा होता, प्यायला आणलेला. संध्याकाळच्या सुमाराला सासूबाईंनी मारुतीसाठी धूप पेटवला, त्याचंही तेच झालं.

मिस्त्री लांबून बघत होते. मग जवळ आले. “पाव्हणं, ही सवय हाय का?”

मी मोहाचं, आईचं सगळं सांगितलं. अभिमानानंच सांगितलं म्हणा ना.

“हं,” म्हणाले. “तेवढं घरी जाऊन चाळणी आन् जुनं पोतं घेऊन या बरं.”

मी चाळणी आणि पोतं घेऊन परत आलो तर भेग भरून झाली होती, हेड पुरूनही झालं होतं. आंब्याखाली राखेचा मोठा ढीग होता, वर बोट धरलं तर ऊब लागायची.

“हेड कुठं हाय?”

“आंब्याखाली,” मिस्त्री म्हणाले. “उद्या तीनला काढू. पाचपस्तोर बसवू. उद्या राखण तुम्हीच करा. तुमच्याइतका काळजीवाला माणूस हितं दुसरा न्हाई.”

मला आयुष्यात एवढं मोठं पद कुणी दिलं नव्हतं.

शनिवारी पहाटेच येऊन ढिगाजवळ बसलो. नऊला अण्णांनी मला मोटारसायकलवर घरी पाठवलं, तुपाचा डबा आणि त्यांचे चुलते नारबाकाका, दोघांना आणायला. नारबाकाका म्हणजे ऐंशीच्या पुढचे, तोंडात एक दात नाही. मी बालाजीला बजावलं, “माझ्या ढिगाला हात लावायचा न्हाई.” तो म्हणाला, “बरं.” नारबाकाकांना धोतर सापडेना, मग टोपी सापडेना, मग धोतर पुन्हा सापडेना. परत यायला साडेअकरा झाले.

ढीग जागेवर होता. थोडा फुगल्यासारखा वाटला, पण राखेचं काय, वाऱ्यानं होतं. विहिरीकडं दोन चुली धडधडत होत्या, बायकांची गडबड होती, वरणाचं पातेलं चढलं होतं. रोडगेही तिकडंच भाजत असतील असं मी धरून चाललो. विचारलं नाही, कारण विचारायला ढीग सोडून उठावं लागलं असतं.

रोडगा म्हणजे जाड्याभरड्या कणकेचा मुठीएवढा गोळा, पापुद्र्यावर पापुद्रा ठेवून वळलेला. गोवऱ्यांचा निखारा झाला की त्यात पुरतात आणि वरून राख ओढतात. बाहेरून दगड, आतून लोणी. एवढं सांगून ठेवतो.

मग मी बंदोबस्ताला लागलो. या शेतात हेडला धोका एकाच गोष्टीचा, पाण्याचा. म्हणून बादली उचलून माझ्याजवळ आणली. कळशी आणली. प्यायच्या पाण्याचे दोन जार आणले. नारबाकाकांचा तांब्यासुद्धा त्यांच्या हातातून सोडवून घेतला. शेतातलं सगळं पाणी माझ्या हाताच्या अंतरावर, कुणी चुकून सांडायचा प्रश्नच नाही. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

साडेबाराला बालाजी काठी घेऊन आला. “पाव्हणं, सरका. जरा उलटतो.”

“उलटायचं न्हाई.”

“अवं, उलटल्याबिगर कसं जमंल? एका अंगानं करपायलेत.”

“मिस्त्री म्हणलेत, तीनपस्तोर हात न्हाई लावायचा.”

बालाजीनं माझ्याकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं. “मिस्त्रीला ह्यातलं बी कळतंय व्हय?”

“त्यांना ह्यातलंच कळतं.”

तो मान हलवत गेला. त्या वेळी कुठून तरी इतका खरपूस वास येत होता की पोटात खड्डा पडला. मला वाटलं, विहिरीकडून वारा येतोय. (वारा नव्हताच.)

मग दुपार झाली. मिस्त्री गोठ्याच्या सावलीत तोंडावर टॉवेल टाकून झोपले होते. अण्णा लिंबाखाली त्या बिनहेडच्या मोटारीत, स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, चष्मा काढून बांधावरच्या मारुतीच्या कळसाकडं बघत. त्यांना तो आता स्वच्छ दिसत असणार. मला वाटलं, या माणसानं पंधरा दिवस अंधारात एवढं एकच चित्र रंगवलं, की आपण मोटार चालवतोय आणि कळस जवळ येतोय. आणि ते चित्र मी एका घागरीनं फोडलं. आता ते या राखेत आहे, आपल्या मनानं निवतंय, आणि ते जपणारा मी आहे.

राखेवरून ऊब यायची. आंब्याचा मोहर अलगद पडायचा, तसाच जसा मोह पडतो, आवाज न करता. एक पडलं, दोन पडली. मी मोजायला लागलो. कुठून तरी आईची टोपली दिसली, काठाला चिंधी बांधलेली. आई पुढं पुढं वेचत चाललेली, पाठमोरी, आणि मी मागं, माझ्या तळव्यांना कोमट राख लागतेय. पळस एवढा लाल की रान पेटलंय की फुललंय कळेना. कुणीतरी हाक मारली. आई वळली आणि नेहमीचंच म्हणाली.

“अवो, या की आता चहाला. सकाळपासून बसलाव,” शोभा विहिरीवरून हाक मारत होती.

मी उठलो. राखेत एक निखारा डोळा उघडून माझ्याकडं बघत होता. माझ्या हातांनी बादली उचलली.

ती संपली तशी हातांनी कळशी उचलली.

चर्रर्र झालं. आंब्याएवढी वाफ उठली आणि त्या वाफेत मी जागा झालो. वाफ विरली तेव्हा पलीकडं अण्णा उभे होते, मोटारीचं दार उघडं टाकून आलेले.

“पुन्हा पाणी?” त्यांनी विचारलं.

“हाव,” मी म्हणालो, आणि खाली बसलो. कान मात्र ढिगाकडं लागले होते, की आता टुक येईल. येत नव्हतं. मला वाटलं, या वेळी एवढे तुकडे झालेत की आवाज काढायलाही काही उरलं नाही.

शोभा पळत आली. तिनं बादली बघितली, कळशी बघितली. “आईनं सांगितलं म्हणून काय सासऱ्याच्या मोटारीवर बी वतायचं का?”

अण्णा ढिगाकडं बघत राहिले. मग कळसाकडं बघितलं. एवढंच म्हणाले, “चार वाजता ऊन उतरंल. मग चालत जातो.” आणि त्यांचा हात डोळ्यांकडं गेला. डॉक्टरांनी डोळे चोळायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं, म्हणून तसाच खाली आला. तो हात मी अजून विसरलो नाही.

तेवढ्यात बालाजी डोक्याला हात लावून ओरडत आला, “आरं, रोडगे भिजले की सगळे.”

“कसले रोडगे?” मी म्हणालो.

“कसले म्हंजे? ह्यातच न्हाईत का? आयता निखारा होता, सकाळी घातले. भावकीचे सगळे. मिस्त्रीच म्हणले, घाला.”

त्यानं फावडं घातलं. एक रोडगा निघाला. राखाडी, गळणारा, पावसात सापडलेल्या कासवासारखा. मग दुसरा, तिसरा, दहावा. सगळी भावकी गोल उभी राहून प्रत्येकाची ओळख पटवत असल्यासारखी बघत होती. अख्खा ढीग उपसला. हेड नव्हतं.

हेड विरघळलं की काय, असंही एकदा वाटून गेलं. (आठवी.)

मिस्त्री टॉवेल झटकत आले. घाई नाही. “हेड बोरच्या शेडमागं हाय,” म्हणाले. “तेलाच्या जुन्या पिंपात, राखंत. वर पत्रा, पत्र्यावर दगड.”

“तुम्ही तर आंब्याखाली म्हणलाव,” मी कसाबसा बोललो.

“म्हणलो. काल चुलीचा चहा झाला तव्हा ठरवलं, ह्या माणसाला खरं सांगायचं न्हाई. पर तुम्हाला रिकामं ठिवलं तर तुम्ही हेड हुडकत फिरला असता. म्हून राखण दिली.” मग रोडग्यांकडं बघून त्यांचा चेहरा जरा पडला. “पर तुम्ही सबंध बादली घालाल, ही चूक माझी. मला वाटलं, तांब्यावर भागंल.”

अण्णा पहिल्यांदा हसले. आवाज न करता, पोट हलवत. ते बघून मलाच रडू आलं.

तीनला पिंप उघडलं. हेड कोमट होतं, माणसाच्या कपाळासारखं. मिस्त्रींनी काचेवर पॉलिशचा कागद ठेवून ते घासलं, पुन्हा रॉकेल लावलं, पुसलं, खडू भुरभुरला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. नुसतं पांढरं. बघत राहिलो. पांढरंच. गोदावरी कुठंच उगवली नाही.

तिकडं सासूबाईंनी रोडग्यांचं बघितलं. वरचा चिखल काढला, आतले भिजलेले पापुद्रे कुस्करले, आणि सगळे वरणाच्या पातेल्यात लोटले. अख्ख्या ढिगात एक रोडगा कडेला होता म्हणून कोरडा वाचला होता. तो त्यांनी पदरानं पुसून केळीच्या पानावर ठेवला. “मारुतीचा मारुतीनं राखला,” म्हणाल्या. माझ्याकडं बघून नाही, पण ऐकू येईल असं.

पाचला हेड बसलं, बोल्ट आवळून झाले. आता रेडिएटरमध्ये पाणी घालायचं होतं. पाण्याचा जार पुढं आला तशी सगळी भावकी माझ्यापासून दोन पावलं मागं सरली. बालाजीनं जार पाठीमागं लपवला.

“न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “पाणी पाव्हणंच वततील. आता ती वेळ हाय.”

मी इंजिनाला हात लावून बघितला. गार होतं. पुन्हा लावून बघितला. तिसऱ्यांदा लावायला लागलो तेव्हा शोभा म्हणाली, “वता की आता, दिवस चाललाय.” मी ओतलं. एक धार, बारीक, न थांबता. कुठंच टुक झालं नाही. आयुष्यात इतकं बरोबर मी कधी काही ओतलं नव्हतं.

मोटार खोकली, तिनं विचार केला, आणि निघाली. अण्णा एकटेच. शेजारच्या सीटवर केळीचं पान, पानावर रोडगा. उतरत्या उन्हात ती दुधी पाठ करडईच्या वावरामधून हलत हलत गेली, इतकी सावकाश की आम्ही सगळे तिच्यामागं चालत होतो आणि तरी ती पुढं जात नव्हती. सूर्य बांधाला टेकायला आणि अण्णांनी देवळापुढं हॉर्न वाजवायला एकच गाठ पडली. मी मागं बघितलं. विहिरीकडच्या चुली धुमसत होत्या. माझे हात वळवळले. शोभानं ते दोन्ही घट्ट धरले आणि देवळापर्यंत सोडले नाहीत.

मग पंगत बसली. वरणात कालवलेला रोडगा, वर तूप. भूक एवढी होती की सगळे नुसते जेवत होते. नारबाकाकांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि मिशीवरून हात फिरवला. “दहा वर्सांनी रोडगा खाल्ला. दात पडल्यापून नुसता बघतच व्हतो. फुडच्या वर्सी बी पाव्हण्यालाच बसवा.”

मिस्त्रींना शेवटची बस गाठायची होती. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. मी विचारलं, “कसं होतं?”

“चांगलं हाय,” म्हणाले. “पर हे रोडगं न्हवं.”

डब्यात भरून द्यायला काही उरलं नव्हतं, आणि उरलं असतं तरी नांदेडपर्यंत सांडलं असतं. ते रिकाम्या हातानं विष्णुपुरीला गेले. मामींनी काय विचारलं असेल ते मला लातूरला खोलीवर पडल्यापडल्या अजून ऐकू येतं.

मामी, तुम्ही मला ओळख नसताना पाणी दिलंत, पोहे दिलेत. मिस्त्री, तुम्ही मला माझ्या हातांपासून वाचवलंत. एक दिवस मी विष्णुपुरीला येणार. गोवऱ्या माझ्या, कणिक शोभाची. कोरडे, खरपूस, फोडले की वाफ निघेल असे रोडगे तुम्हा दोघांना पोटभर घालीन, हा माझा शब्द. फक्त त्या दिवशी घरातल्या बादल्या शेजारी नेऊन ठेवा, आणि मी कितीही काळजीनं विचारलं तरी रोडगे कोणत्या ढिगात आहेत ते मला सांगू नका.